मोटारसायकल क्लबच्या वर्गणीचा हिशेब

पावसाळा सरला की गोव्यातील रस्त्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. रविवारी पहाटे पर्वरी, फोंडा किंवा मडगावच्या एखाद्या पेट्रोल पंपापाशी पंधरा-वीस मोटारसायकली ओळीने उभ्या राहतात. अंगात एकसारखी जाकिटे, पाठीवर क्लबचे बोधचिन्ह, हँडलवर मोबाईल. चहा होतो, छायाचित्र होते आणि ताफा चोर्ला घाटाच्या किंवा मोलेच्या दिशेने निघतो. दुपारच्या जेवणापर्यंत बहुतेक जण घरी परतलेले असतात. क्लबांची सभासद नोंदणीही याच दिवसांत रंगात येते. वर्गणी कुठे नाममात्र, कुठे काही हजारांत. नवी गाडी घेतलेला तरुण ती आनंदाने भरतो, जाकिटाचे पैसे वेगळे देतो आणि समूहाचा घटक झाल्याच्या समाधानात पहिली सहल करतो. वर्ष संपताना मात्र, या वर्गणीतून नेमके काय मिळाले, असा प्रश्न त्याच्या घरचे तरी विचारतातच.

यंदा हा प्रश्न थोडा अधिक निकडीचा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरील इंजिनाच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. ३४९ सीसीची बुलेट किंवा क्लासिक या करबदलाच्या लाभाच्या बाजूला पडली. काल-परवापर्यंत शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर समाधान मानणारा ग्राहक आता जड गाडीकडे वळू शकतो आणि अशा ग्राहकाला क्लबचे आमंत्रण गाडीच्या किल्लीबरोबरच मिळते. हाती गाडी नवी, तिचे वजन दोनशे किलोंच्या आसपास, घाटातला अनुभव बेताचा. अशा माणसाला क्लबमध्ये काय मिळते आणि काय मिळायला हवे, याची चर्चा सवलतींच्या यादीपलीकडे सहसा जात नाही.

त्या सवलतींपासूनच सुरुवात करणे सोयीचे. हॉटेलात दहा टक्के, सर्व्हिसिंगवर काही टक्के, हेल्मेटवर काही टक्के, अशी आश्वासने बहुतेक क्लब देतात. त्यांतील बऱ्याचशा सवलती दुकानदार कोणत्याही नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतच असतो. संघटनेच्या सभासदत्वाला अधिकृत किंमत लावण्याचा एक प्रयत्न मात्र देशाच्या विमा व्यवहारात झालेला आहे आणि तो आकडा उद्बोधक आहे. २००२ च्या अखिल भारतीय मोटार विमा दरपत्रकात, मान्यताप्राप्त ऑटोमोबाईल संघटनेच्या सभासदाला स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी असलेल्या हप्त्यात पाच टक्के सूट देण्याची तरतूद होती. मोटारगाडीसाठी तिची कमाल मर्यादा २०० रुपये, दुचाकीसाठी ५० रुपये. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या जुन्या संस्था या मान्यतेच्या यादीत होत्या. मित्रांनी मिळून काढलेला क्लब त्यात बसत नव्हता. म्हणजे विमा क्षेत्राच्या तराजूत दुचाकीस्वाराच्या सभासदत्वाचे वजन वर्षाला फार तर पन्नास रुपये भरत होते. १५० ते ३५० सीसी दुचाकीचा त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ता २०२२ च्या दरांनुसार १,३६६ रुपये आहे, हे लक्षात घेतले तर या सवलतीत चहा-भजीचा खर्चही जेमतेम निघतो. सवलतींसाठी क्लबमध्ये जाणाऱ्याने हा हिशेब आधी मांडलेला बरा.

कंपनीचा क्लब, मालकांचा क्लब

क्लब दोन प्रकारचे असतात आणि त्यांतील फरक सभासदाच्या ध्यानात बहुधा उशिरा येतो. एक कंपनीने किंवा विक्रेत्याने उभारलेला, दुसरा गाडीमालकांनी आपापल्या गरजेतून बांधलेला. पहिल्या प्रकारचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे हार्ले ओनर्स ग्रुप, ज्याला सभासद लाडाने ‘हॉग’ म्हणतात. हार्ले-डेव्हिडसनची स्थिती त्या काळात नाजूक होती. १९८१ मध्ये तेरा अधिकाऱ्यांनी तत्कालीन मालकाकडून कंपनी विकत घेतली आणि दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, हा समूह स्थापन झाला. नव्या गाडीबरोबर पहिल्या वर्षाचे सभासदत्व देण्याची पद्धत कंपनीने रूढ केली. ग्राहकाला कंपनीशी बांधून ठेवणारे एवढे प्रभावी आणि एवढे स्वस्त साधन दुसरे नव्हते. आज भारतातील जवळपास प्रत्येक दुचाकी उत्पादक त्याच वाटेने चालतो आहे. रॉयल एनफिल्डची ‘रायडर मेनिया’, जी आता ‘मोटोव्हर्स’ या नावाने भरते, आणि २०१३ मध्ये सुरू झालेला ‘इंडिया बाईक वीक’ यांमुळे वागातोरचे नाव देशभरच्या दुचाकीस्वारांच्या तोंडी झाले.

या मांडणीची दुसरी बाजू भारतातील हार्लेच्या ग्राहकांनी अनुभवली. २४ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने भारतातील विक्री आणि हरियाणातील बावल येथील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. लाखो रुपये मोजलेल्या मालकांपुढे सुटे भाग, वॉरंटी आणि सर्व्हिसिंगचा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. ऑक्टोबरअखेर हिरो मोटोकॉर्पशी करार झाला आणि विक्री-सेवेची व्यवस्था पुन्हा लागली खरी. पण मधल्या महिन्याभरात मालकांना आधार राहिला तो एकमेकांच्या ओळखींचा. गाडी कंपनीची असते, क्लबही कंपनीचा असतो, तेव्हा कंपनीशी भांडण्याची वेळ आली तर सभासदाने कुणाच्या तोंडाकडे पाहायचे? विक्रेत्याच्या शोरूममध्येच ज्या क्लबच्या बैठका होतात, तेथे सदोष क्लचप्लेटबद्दल सामूहिक तक्रार लिहिली जाण्याची शक्यता कमीच.

गंज, इथेनॉल आणि पन्नाशी गाठलेली येझदी

मालकांनी उभारलेल्या क्लबचे खरे मोल समजते ते जुन्या गाड्यांच्या जगात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. यामाहाची आरएक्स-१०० ही १९८५ ते १९९६ या काळातली. या गाड्यांचे उत्पादक त्यांचे सुटे भाग पुरवण्यासाठी कारखान्यात बसलेले नाहीत. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परतले, पण नव्या गाडीचे भाग जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाला लागत नाहीत. तरीही या गाड्या रस्त्यावर दिसतात आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरचे जावा-येझदीप्रेमी आपला दिवस साजरा करतात. यामागे मालकांचे जाळे आहे. कोणत्या कारागिराकडे क्रँक नीट बसवून मिळते, कोणाकडे मूळ कार्बोरेटर पडून आहे, बाजारातील कोणती पिस्टन रिंग महिन्याभरात दगा देते, ही माहिती एका माणसाने गोळा करायची तर आयुष्य जाईल. बेळगाव, कोल्हापूर, बंगळूरपर्यंत फोन फिरतात आणि भाग सापडतो. दहा मालकांनी मिळून एखादा भाग घडवून घेतला तर तो परवडतो. एकट्याने घडवला तर गाडीपेक्षा महाग पडतो.

गोव्यात या ज्ञानाला स्थानिक संदर्भ आहेत. समुद्रावरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे लोखंडाचे वैरी. पणजी-म्हापशात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे स्पोक, चेन, सायलेन्सरचे सांधे घाटावरच्या गाडीच्या कितीतरी आधी गंजतात. कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील वेळापत्रक अवघ्या देशासाठी एकच असते. चेनला तेल किती दिवसांनी द्यावे आणि पावसाळ्यात गाडी कशी झाकावी, हे किनाऱ्यावरचा जुना मालकच सांगू शकतो. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली हवा कोंडून गाडी आतून घाम धरते, ही साधी गोष्ट कित्येकांना पहिली टाकी गंजल्यावर कळते.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते. ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठले गेले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की, जुन्या इंधनासाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणामुळे तीन ते चार टक्क्यांनी घटेल. मायलेजची घट सहन करता येते. जुन्या गाडीच्या मालकाची खरी चिंता रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरमधील गास्केट यांची असते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषतो. पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जूनमध्ये अर्धी टाकी भरून गाडी घरात लावायची आणि ऑक्टोबरमध्ये किक मारायची, या गोव्यातील जुन्या सवयीला हे इंधन साजेसे नाही. लावण्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे की टाकी काठोकाठ भरून ठेवावी, यावर जाणकारांत वाद आहेत. लोखंडी टाकीला रिकामेपणी गंज चढतो हेही खरेच. पण हा वाद ज्या क्लबमध्ये होतो, त्याच्या सभासदाला निदान आपल्यापुढचे पर्याय ठाऊक असतात. सप्टेंबरअखेर सभासदांच्या गाड्यांच्या टाक्या आणि नळ्या एकत्र तपासण्याचा एक दिवस ठरवला, तर त्या एका दिवसात वर्षाची वर्गणी वसूल होते.

कागदपत्रांचेही तसेच. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून एक हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाडीसाठी ते दोन हजारांवर गेले. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. ‘व्हीए’ या अक्षरांचा वेगळा क्रमांक, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षे. १९७५ ची येझदी किंवा बुलेट आज या वयोमर्यादेत येते, त्यामुळे अनेक घरांत वडिलांच्या गाडीला हा मान मिळवून देण्याचे बेत शिजत आहेत. त्यातील मेख अशी की, या क्रमांकाची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. शिवाय चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. वडिलांच्या येझदीवरून रोज बाजारात जाणाऱ्याने हौसेपोटी अर्ज केला, तर तो मान मिळवून गाडी घालवून बसेल. अर्ज करण्याआधी हे सांगणारा माणूस भेटणे, याला वर्गणीचे मोल म्हणता येते.

ताफा निघतो तेव्हा

जुन्या गाड्यांचा विषय जिव्हाळ्याचा. पण क्लबच्या उपयुक्ततेची खरी कसोटी रस्त्यावर लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली; त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्यामुळे मृत्यू ओढवलेल्यांची संख्या ५०,०२९ आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. जून २०२१ पासून देशात बीआयएस प्रमाणित हेल्मेटच विकता येते. तरीही रस्त्याकडेच्या टोपलीतली स्वस्त टोपी संपलेली नाही. क्लबच्या ताफ्यात हेल्मेटशिवाय कोणी दिसत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मागच्या आसनावरील पत्नीच्या डोक्यावर मात्र कधीकधी तीच टोपलीतली टोपी असते.

वीस गाड्यांचा ताफा म्हणजे नेमके काय, हे आकड्यांत मांडून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे ३३ मीटर. गाड्या डावी-उजवी अशा आलटून पालटून चालल्या तरी लगतच्या दोघांत एक सेकंद हवाच. हिशेब केला तर वीस गाड्यांची ही साखळी तीनशे मीटरपेक्षा लांब होते. चोर्ला घाटाच्या वळणांवर मागून येणाऱ्या कदंब बसने ती ओलांडायची कशी? बस मधे घुसते, साखळी तुटते, मागे राहिलेले पुढच्यांना गाठण्यासाठी वेग वाढवतात आणि नेमका नवखा माणूस वळणावर चुकतो. म्हणून जाणते क्लब पाच-सहा गाड्यांचे गट करतात, प्रत्येक गटाला पुढे एक अनुभवी आणि शेवटी एक अनुभवी माणूस देतात, नवख्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवतात आणि घाटात एकेरी ओळ धरायला लावतात. ताफ्याचा वेग सर्वांत कमी अनुभवी चालकाच्या वेगाने ठरतो. ही शिस्त पुस्तकातून कळते, पण अंगवळणी पडते ती कोणी तरी चुकीबद्दल चारचौघांत बोलल्यावर. सभासदाने क्लब निवडताना त्याची छायाचित्रे पाहण्यापेक्षा त्याची एक सहल मागच्या गाडीवरून पाहावी.

विम्याबाबत सभासदांचे अज्ञान चिंताजनक आहे. दुचाकी विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण बंधनकारक आहे. ते पॉलिसीबरोबर घेतलेले असेल तर नोंदणीकृत मालक आपली गाडी स्वतः चालवत असताना आणि त्याच्याकडे वैध परवाना असतानाच लागू होते. सहलीत चहाच्या थांब्यावर दोघे हौसेने गाड्या बदलतात, ‘जरा बघूया तुझी कशी पळते’ म्हणून. त्या वीस किलोमीटरांत दोघेही या संरक्षणाबाहेर जाऊ शकतात. मागे बसलेल्याचे काय? गाडीला फक्त त्रयस्थ पक्षाचा विमा असेल, तर विनामूल्य मागे बसलेल्या व्यक्तीची भरपाई त्या पॉलिसीत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी यांसाठी केलेला वापरही पॉलिसीत वगळलेला असतो. साधी सहल त्यात मोडत नाही. पण क्लबने तिच्या पत्रकावर ‘चॅलेंज’, ‘रेस’ असे शब्द छापले आणि वेळेची नोंद ठेवली, तर विमा कंपनीच्या हाती कारण आपण होऊन दिल्यासारखे होते. सहलीला निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या पॉलिसीचे पहिले पान पाहण्याची पद्धत किती क्लबांत आहे?

अपघातानंतरचा पहिला तास हाच क्लबच्या अस्तित्वाचा सर्वांत मोठा आधार ठरू शकतो. गोव्यात १०८ सेवा आहे, दुचाकी रुग्णवाहिकाही आहे. मात्र सुर्ल्याच्या चढावर किंवा अनमोड घाटात मोबाईलची रेंज जाते तेव्हा जखमीजवळ असतात ते ताफ्यातले लोक. हेल्मेट कोणी आणि कसे काढावे, मान कशी धरावी, रक्तस्राव कसा दाबावा, हे शिकवणारे एक दिवसाचे शिबिर वर्षातील कोणत्याही सहलीपेक्षा मोलाचे. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोखीशिवाय मिळू शकतात. मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीच्या त्रासापासून संरक्षण देणारे १३४-अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले आहे. जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्या ‘राहवीरा’साठी बक्षिसाची रक्कम २५ हजारांवर गेली आहे. हे सारे सरकारी कागदांवर आहे. रात्री रुग्णालयाच्या दारात ते कोणाला तरी आठवले पाहिजे.

सायलेन्सर आणि शेजारी

क्लबच्या सभासदाला लाभते ती प्रतिष्ठा आणि चिकटतो तो दोषही सामूहिक असतो. गोव्यात दुचाकींच्या ताफ्याबद्दलचे लोकमत फारसे अनुकूल नाही आणि त्याला कारण आहे. १७५ सीसीवरील दुचाकीसाठी कारखान्यातून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल असते. मूळ सायलेन्सर काढून बाजारातला बसवला की ही मर्यादा निरर्थक ठरते. कायद्याचे कलम ५२ अशा बदलांना मनाई करते. कलम १९० (२) खाली दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. हणजूण-वागातोरचे रहिवासी रात्रीच्या संगीताच्या आवाजाविरोधात उच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. त्यांच्या कानांना हौशी सायलेन्सरचे कौतुक कसे वाटावे? भाड्याच्या गाड्या घेऊन बेदरकार फिरणाऱ्या पर्यटकांचे खापरही स्थानिक क्लबांवर फुटते, हा अन्याय आहे. परंतु बदललेला सायलेन्सर असलेल्या सभासदाला सहलीतून परत पाठवण्याचे धैर्य किती पदाधिकारी दाखवतात? बहुधा तोच सभासद जाकिटांचा प्रायोजकही असतो.

संस्थेचा कारभार हा रुक्ष विषय, तरी टाळता येणारा नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसांनी एकत्र येऊन संस्था नोंदवता येते. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. त्याबदल्यात संस्थेच्या नावे बँक खाते उघडते, हिशेब मागण्याचा हक्क मिळतो, पोलिसांकडे आणि वाहतूक खात्याकडे पत्र देताना लेटरहेडला अर्थ येतो. अनेक क्लबांची वर्गणी आजही सचिवाच्या वैयक्तिक यूपीआयवर जमा होते. सचिव प्रामाणिक असतात. वाद होतो तो सचिव बदलताना. अपघात निधी म्हणून जमवलेले पैसे नेमके कुठे आहेत, हे अपघात झाल्यावर विचारण्यात काही हशील नसते.

या संदर्भात गोव्यातील मोटारसायकल पायलटांकडे पाहण्यासारखे आहे. पिवळ्या मडगार्डच्या गाडीवरून कित्येक दशके माणसे नेणारा हा वर्ग जाकिटे घालत नाही, सहली काढत नाही. पण स्टँडवरचा क्रम, दरांचा प्रश्न, गाडी बदलताना लागणारे कागद यांसाठी त्याला संघटना लागते आणि तो तिच्यात बोलतो. केंद्राने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी खासगी मोटारसायकलींनाही ॲपवरून प्रवासी नेण्याची परवानगी देण्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली. पायलटासाठी हा थेट पोटाचा प्रश्न आहे. हौशी क्लबांना त्याच्याशी कर्तव्य नाही असे वाटू शकेल. पण रस्ता दोघांचा एकच आहे. चोर्लाच्या कडेची तुटलेली साईडपट्टी, खणून अर्धवट बुजवलेले चर, पावसात निसरडे होणारे पांढरे पट्टे यांचा फटका चारचाकीपेक्षा दुचाकीला बसतो. मांडवीवरील अटल सेतूवर दुचाकीला प्रवेश नाही आणि त्याबद्दल दुचाकीस्वारांच्या वतीने कोण बोलते, हे सांगता येत नाही. दर रविवारी राज्यभर फिरणाऱ्या क्लबांइतकी रस्त्यांची ताजी माहिती सार्वजनिक बांधकाम खात्याकडेही नसेल. प्रत्येक सहलीनंतर खड्ड्यांची छायाचित्रे स्थळासह खात्याला पाठवायला फार तर अर्धा तास लागेल.

ही कामे कोणी करायची, असा प्रश्न क्लबच्या ग्रुपवर विचारला की काही वेळ शांतता पसरते आणि मग पुढच्या सहलीचे ठिकाण विचारले जाते. टाक्या तपासण्याचा दिवस, प्रथमोपचाराचे शिबिर, पॉलिसीच्या प्रती, निधीचे खाते यांचे निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेत व्हायचे असतात. त्या सभेला निम्मेही सभासद येत नाहीत. त्या दिवशी राईड नसते.